ओढ्यातल्या दगडाखाली कोण राहतं?

(पोटरीभर पाण्यात उभं राहून. हातात ओला दगड.)

हा दगड आत्ताच उचललाय. वरून नुसतं शेवाळ दिसतंय ना? आता उलटा करतो. थांबा, हलू देऊ नका कॅमेरा... हा बघा, सरकला! खेकड्यासारखा तिरपा पळतो. नखाएवढा, चपटा, मातकट, आणि मागं केसासारख्या तीन शेपट्या.

हे मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या कीटकाचं पिल्लू. नावात मे आहे, पण मराठवाड्यात मे महिन्यात ओढ्याला पाणी कुठलं? नाव थंड देशातलं. आपण उभे आहोत कन्नडच्या बाजूला, गौताळ्याच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यात. दिवाळी होऊन गेलीय, पाणी अजून खळखळतंय.

मेफ्लाय म्हटलं की सगळे एकच सांगतात, एक दिवस जगते. शास्त्रीय नावही तसंच, इफेमेरोप्टेरा; ग्रीकमध्ये इफेमेरॉस म्हणजे एका दिवसापुरतं. पण तो हिशोब पंख फुटल्यानंतरचा. त्याआधीचे आठवडे, महिने ती इथंच, या दगडाखाली काढते, आणि ते कुणी मोजतच नाही. थंड देशांत बहुतेक जातींची वर्षाला एक पिढी होते, काहींना दोन वर्षं लागतात. आपल्याकडं पाणी कोमट, वाढ झपाट्यानं. काही जातींच्या वर्षातून कितीतरी पिढ्या निघतात.

(क्लोज-अप. पांढऱ्या ताटलीत पाणी, त्यात पिल्लू.)

पोटाच्या दोन्ही बाजूंना इवल्या पानांसारखं काही फडफडतंय, दिसलं? ते कल्ले. ओढ्यात पाणी स्वतःच वाहत असतं; ताटलीत ते थांबलं, म्हणून हा कल्ले हलवून पाणी फिरवतोय. पाण्यातला प्राणवायू याच कल्ल्यांनी घेतो, म्हणून घाण पाण्यात, जिथं प्राणवायू कमी, तिथं यातल्या बऱ्याच जाती टिकत नाहीत. खातो काय? दगडावरचं शेवाळ खरवडतो, कुजलेला पाला खातो. वाढताना कात टाकतो, जातीप्रमाणे दहा वेळा, वीस वेळा, त्याहूनही जास्त. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या की समजायचं, आता निघायची वेळ झाली.

आणि इथं खरी गंमत आहे. पाण्यावर येऊन कात फुटते, पंखवाली माशी बाहेर पडते, पण ती अजून पूर्ण झालेली नसते! पंख धुरकट, अंग मळकट. झाडाच्या पानावर जाऊन बसते आणि पंखासकट पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटक आज जगात हाच एक. दिव्याखालच्या भिंतीवर कधी पंखाची रिकामी, पारदर्शक कात चिकटलेली दिसली तर झाडून टाकू नका, आधी फोटो काढा.

आता पंख काचेसारखे. पण तोंड निकामी, आतड्यात नुसती हवा. जेवण बंद. संध्याकाळी नर ओढ्यावर थव्यानं वर-खाली नाचतात. बऱ्याच जातींत नराचे डोळे मोठे आणि वर बघणारे, कारण मादी वरून येते. तो खालून जाऊन लांब पुढच्या पायांनी तिला धरतो. मग मादी पाण्याला पोट टेकवत शेकड्यांनी, काही जातींत हजारांनी अंडी सोडते.

तिची एक फसगत होते. पाणी ओळखायची तिची खूण म्हणजे पाण्यावरून परतणारा विशिष्ट प्रकारचा प्रकाश. डांबरी रस्त्यावरून तसाच प्रकाश परततो, पाण्याहूनही ठळक. हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे दाखवलं: माद्या थेट रस्त्यावर अंडी घालत होत्या. सोलरच्या काळ्या पाट्यांवरही हेच होतं. आता ओढ्याकाठी शेताशेतात सोलर पंप उभे राहिलेत, तेव्हा हिवाळ्यात पाट्या पुसताना एकदा नीट बघा.

(दगड पाण्यात ठेवताना.)

बरं, हा दगड जिथून घेतला तिथंच ठेवतोय, खालची बाजू खालीच. कोपऱ्यात अजून दोघं चिकटलेत, उन्हात लगेच वाळतील.