रॉकचे दिवंगत कलावंत आणि मिरजेची रीत

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात ५ जुलै २०२५ रोजी ऑझी ऑस्बोर्न हा गायक ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडमधील आपल्या जुन्या सोबत्यांसह अखेरचा कार्यक्रम करण्यासाठी रंगमंचावर आला, तेव्हा पार्किन्सनच्या आजारामुळे त्याला उभे राहणे शक्य नव्हते, म्हणून सिंहासनासारख्या खुर्चीत बसूनच तो गायला. त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलैला, तो वारला. बातमी आली त्या रात्री सांगली-मिरजेतील आम्हा रॉकप्रेमी मंडळींचे फोन उशिरापर्यंत चालू होते. आमच्यात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणारे एक गृहस्थ आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहेत आणि अभियांत्रिकीची काही मुले आहेत. एरवी या लोकांची गाठ पडण्याचे काही कारण नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. जिथे पाहावे तिथे १९८२ साली ऑझीने रंगमंचावर वटवाघळाच्या डोक्याचा चावा घेतल्याची कथा होती आणि तो गात कसा होता, याविषयी फारसे कोणी बोलत नव्हते.

वास्तविक सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्याच बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या, आणि जो जड, काळोखा नाद आज हेवी मेटल म्हणून जगभर ओळखला जातो, त्याच्या घडणीत या अपघाताचा मोठा वाटा आहे. ऑझीचे गाणे त्या नादाला बिलगून असे. आपल्याकडे सारंगी गायकाच्या मागोमाग जाते. त्याच्या काही गाण्यांत मात्र गायकच गिटारच्या स्वरावलीच्या मागोमाग, तेच स्वर घेत जातो. एवढे सांगून एक गाणे लावले असते, तर ती खरी श्रद्धांजली ठरली असती असे मला वाटते.

आज मला मांडायचे आहे ते इतकेच, की गेलेल्या संगीतकाराचे स्मरण त्याच्या मरणाच्या हकिकतीने करू नये, त्याच्या कामाने करावे. आणि ही रीत शिकण्यासाठी सांगलीच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत रेल्वेच्या प्रवासात वारले आणि त्यांचे दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. तेव्हापासून उरुसाच्या निमित्ताने गवई-वादक तिथे येतात आणि चिंचेच्या झाडाखाली बसून हजेरी लावतात. तिथे खाँसाहेबांचा आजार काय होता याची चर्चा होत नाही. त्यांच्यासाठी गायले जाते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व गेल्यावर पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ जो महोत्सव सुरू केला, त्यामागचा भावही हाच होता. रॉकच्या चाहत्यांनी मिरजेच्या या रिवाजाकडे परक्या नजरेने पाहू नये. आपल्या शेजारी सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरे घडवले जातात. वाद्य कसे बोलते हे कान देऊन ऐकण्याची सवय या गावाच्या अंगात आहे.

रॉकच्या इतिहासातही असा प्रसंग घडला आहे, आणि त्याचा एक धागा सातारा जिल्ह्यात सापडतो. फ्रेडी मर्क्युरीचे मूळ नाव फारोख बुलसारा. झांझिबारमधील पारशी कुटुंबातला हा मुलगा वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहायला आला, तिथे पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो वाजवू लागला. पाचगणीला सहलीला जाणारे आपण टेबललँड पाहून, स्ट्रॉबेरी खाऊन परततो. ‘क्वीन’ बँडच्या या गायकाची बोटे पियानोवर इथे तयार झाली, हे आपल्यातील अनेकांच्या गावीही नसते. आपल्याला एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदन काढून जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो गेला. त्या काळी या आजाराभोवती जी कुजबुज होती, ती पाहता त्याच्याबद्दल फक्त आजाराच्याच गोष्टी उरल्या असत्या. परंतु २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याचे बँडमधील सोबती उभे राहिले आणि एकामागून एक पाहुणे गायक येऊन त्याची गाणी गाऊ लागले. ती गाणी गाणे किती अवघड आहे, हे त्या दिवशी हजारो लोकांसमोर सिद्ध झाले. भले भले गायक त्याच्या वरच्या पट्टीत पोहोचताना चाचपडताना दिसले. जॉर्ज मायकेल मात्र असा गायला, की त्या कार्यक्रमाची आठवण निघाली की पहिले नाव त्याचे निघते. एड्सविरोधी कामासाठी त्यातून निधीही उभा राहिला.

त्या कार्यक्रमाचे चित्रण आज पाहताना मन वेगळ्याच कारणाने जड होते. गिटार वाजवणारा मिक रॉन्सन त्या वेळी कर्करोगाने आजारी होता आणि पुढच्याच एप्रिलमध्ये तो वारला. जॉर्ज मायकेल २०१६ च्या नाताळच्या दिवशी गेला. त्याच कार्यक्रमात गायलेला डेव्हिड बोवी त्याच वर्षी १० जानेवारीला गेला. बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम त्याच्या ६९ व्या वाढदिवशी, ८ जानेवारीला, प्रसिद्ध झाला होता. दोन दिवस लोकांनी तो नवा अल्बम म्हणून ऐकला आणि तिसऱ्या दिवशी त्यातील ओळींचा अर्थच पालटला.

सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्यांचा जो एक क्लब कल्पिला जातो, त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. हेंड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन, कोबेन ही रॉकमधली माणसे एकाच वयात गेली हा योगायोग आहे. त्यात कौतुक करण्याजोगे काही नाही. जिमी हेंड्रिक्सने हयातीत तीनच स्टुडिओ अल्बम काढले आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून डाव्या हाताने वाजवली, हे मुलांना सांगावे. झोपेच्या गोळ्यांची कथा सांगून काय साधते?

बँडमधला माणूस गेल्यावर उरलेल्यांनी काय करावे, याची १९८० या एकाच वर्षातली दोन उत्तरे माझ्या फार आवडीची आहेत. ‘एसी/डीसी’चा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत वारला, सोबत्यांनी नवा गायक घेऊन जुलैत अल्बम काढला, पण त्याचे मुखपृष्ठ सुतकासारखे संपूर्ण काळे ठेवले आणि पहिल्या गाण्याची सुरुवात घंटेच्या टोलांनी केली. ‘लेड झेपेलिन’चा ड्रमवादक जॉन बोनहॅम सप्टेंबरमध्ये गेला आणि डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी आपण पुढे चालू शकत नाही असे जाहीर करून बँडच थांबवला. दोन्ही निर्णय मला प्रामाणिक वाटतात.

आमच्या बैठकीत एक नियम आहे. आवडत्या कलावंताचे नुसते नाव घेऊन भागत नाही, गाणे लावावे लागते आणि त्यात काय ऐकायचे तेही सांगावे लागते. शेजाऱ्यांच्या सहनशीलतेमुळे हे चालू आहे, याची आम्हाला जाणीव आहे. या नियमाचा मोठा फायदा रंगमंचावर मागे बसणाऱ्या वादकांना झाला. ‘रोलिंग स्टोन्स’ बँडचा ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१ साली वयाच्या ८० व्या वर्षी गेला, तेव्हा आमच्या शिक्षिकाबाईंनी त्याच्या उजव्या हाताकडे आमचे लक्ष वेधले. डाव्या हाताचा ठोका स्नेअर नावाच्या ड्रमवर पडत असताना तो उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवरून उचलून घेत असे, त्यामुळे तो ठोका एकटा आणि स्वच्छ ऐकू येई. इतकी वर्षे ती गाणी ऐकूनही आमच्यापैकी बहुतेकांच्या ते ध्यानात आले नव्हते.

अभियांत्रिकीच्या एका मुलाने गेल्या खेपेस असीम चक्रवर्ती यांचे नाव घेतले. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ बँडमध्ये ते मांडी घालून तबला वाजवत आणि त्याच वेळी गातही असत. २५ डिसेंबर २००९ रोजी ते गेले. त्यांची जागा भरून काढण्यासाठी बँडला दोन माणसे घ्यावी लागली, तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गाण्याला हिमांशु जोशी.