कोयना ते कुपवाड : आधी काम विचारा, मग रेट

हे जे समोर दिसतंय ते कोयना धरण, तालुका पाटण, जिल्हा सातारा. 103 मीटर उंच, लांबी 800 मीटरच्या वर. बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं सिमेंट काँक्रीट आहे पण तसं नाहीये, हे रबल काँक्रीटचं धरण आहे, म्हणजे भिंतीच्या पोटात मोठमोठे दगड बसवलेत आणि त्यांच्या मधल्या जागेत काँक्रीट भरलंय. का? कारण असलं धरण पाणी अडवतं ते स्वतःच्या वजनावर, आणि वजन द्यायचं काम दगड उत्तम करतो, सह्याद्रीत काळ्या दगडाला काय तोटा. पाणी झिरपू न देणं हे वेगळं काम, ते पाण्याकडच्या तोंडाला करावं लागतं, म्हणून तिथं साधं पण चांगलं काँक्रीट. एकाच भिंतीची दोन कामं सुटी करून बघितली की महागाचं सिमेंट नक्की कुठं पाहिजे ते कळतं. शिवाय सिमेंट घट्ट होताना तापतं आणि एवढ्या जाड भिंतीत ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही, तडे जायची भीती असते, तर सिमेंट कमी झालं की ती भीती पण कमी.

ह्या विचाराला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतात. धरण बांधणाऱ्यांनी तेव्हा हा शब्द वापरला असो नसो, डोकं तेच.

शब्द आला अमेरिकेतून. दुसऱ्या महायुद्धात माल मिळेना, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या खरेदी खात्यातला लॉरेन्स माइल्स नावाचा इंजिनिअर पर्यायी माल शोधत फिरायचा आणि त्याच्या लक्षात आलं की पर्याय पुष्कळदा स्वस्त पण असतो आणि काम पण जास्त चांगलं करतो. 1947 मध्ये त्यानं ह्याची रीतसर पद्धत बसवली. त्याचा ॲस्बेस्टॉसचा किस्सा प्रसिद्ध आहे. कंपनीला ॲस्बेस्टॉसचे पत्रे पाहिजे होते, मिळत नव्हते. विकणाऱ्यानं विचारलं की तुम्हाला ते कशाला लागतात? तर म्हणे रंगकामाच्या जागी फरशीवर अंथरायला, रंग ठिबकतो, पेट घेऊ नये म्हणून. अहो मग न पेटणारा कागद मिळतो की, बराच स्वस्त! पण कंपनीच्या आगीच्या नियमात ॲस्बेस्टॉसच लिहिलेलं, त्यामुळं कागद चालेना, शेवटी नियम बदलला तेव्हा कुठं काम झालं. वस्तू मिळण्यापेक्षा नियम हलवायला जास्त कष्ट पडले, आणि हे आपल्याकडच्या कुठल्याही खात्यात काम केलेल्या माणसाला लगेच पटेल.

1954 ला अमेरिकन नौदलाच्या जहाजबांधणी खात्यानं ही पद्धत घेतली. भारतात 1977 पासून ह्या विषयाची स्वतःची संस्था आहे. हिशोब सोपा, व्हॅल्यू म्हणजे भागाकार, वस्तू जे काम करते ते वर आणि त्याला लागणारा खर्च खाली. काम तेवढंच ठेवून खर्च उतरवा, किंवा खर्च थोडा वाढवून काम पुष्कळ वाढवा, दोन्ही चालतं. चालत नाही ते एकच, काम कापून पैसे वाचवणं. ती काटछाट झाली, आणि आपल्याकडं तिलाच व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणून खपवतात ह्याची मला खरंच चीड येते.

आता हे बघा, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं एक छोटं शॉप. टेबलावर आहे तो पंपाचा कपलिंग गार्ड. मोटर आणि पंप ह्यांच्या मधे त्यांना जोडणारं जे कपलिंग गरागरा फिरतं त्यावरचं झाकण. जाड पत्रा, वाकवलेला, आठ बोल्ट, वरून रंग. ह्याचं काम काय? दोन शब्दांत सांगायचं, ही माइल्सच्या पद्धतीतली अटच आहे, एक क्रियापद आणि एक नाम. "झाकण लावणे" हे उत्तर नाही. "हात अडवणे" हे उत्तर. हात, शर्टाची बाही, साडीचा पदर फिरत्या भागात जाऊ न देणं. एकदा हे कागदावर आलं की मग प्रश्न सुरू होतात. हात अडवायला एवढा जाड पत्रा कशाला, जाळीचा पत्रा पण अडवतो आणि त्यातून कपलिंग दिसतं सुद्धा, कपलिंगमधलं रबर झिजलंय का ते बघायला उघडावं लागत नाही. आणि आठ बोल्ट? फिटर मेंटेनन्सला आठ खोलतो, परत लावताना दोनच लावतो, बाकीचे डब्यात, हे सगळ्या शॉपमध्ये सगळ्यांना माहीत असतं पण ड्रॉइंगवर येत नाही. चार बोल्ट, तेही खोलल्यावर गार्डलाच अडकून राहणारे केले तर चारही परत लागतात. स्वस्त झाला आणि हात जास्त चांगला अडवला. म्हणून असल्या बैठकीला फक्त डिझायनर बसून चालत नाही, खरेदीवाला पाहिजे, फिटर तर पाहिजेच पाहिजे.

पण अशी कामांची यादी करताना एखादं काम सुटलं किंवा कमी धरलं तर? परत कोयनेला येऊ. 11 डिसेंबर 1967, पहाटे भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. दख्खनचं पठार तेव्हा स्थिर समजलं जायचं, म्हणून धरणाच्या हिशोबात भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या फक्त 5 टक्के धरला होता. धरण उभं राहिलं, पण उंच भागात भिंतीला तडे गेले, मागच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो तिथंच. नंतर मागून काँक्रीटचे टेकू द्यावे लागले. दगड घालून सिमेंट वाचवलं ते चुकलं असं नाही, "हादरा सोसणे" हे काम किती मोठं आहे त्याचा अंदाज कमी पडला. त्यामुळं यादी करताना घाई करू नये, खर्च कापायच्या आधी हेच तपासावं.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. 2005, 2019, 2021 चे महापूर बघितलेत त्यांनी. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45. आणि तरी नदीकडच्या भागात आजही जोतं खाली घेऊन मुरमाचे पैसे वाचवलेली घरं दिसतात. उलट कुठं कुठं मीटर आणि स्विचबोर्ड पुराच्या खुणेच्या वर नेलेत, खर्च काय तर वायर थोडी जास्त. बोर्डाचं काम "वीज देणे", मग तो बोर्ड कोरडा राहिला पाहिजे, एवढंच. खर्च वाढला तरी हे व्हॅल्यू इंजिनिअरिंगच.

आता सरकारी कामांचं. इथं खरी अडचण आहे. टेंडर निघतं, एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, जेवढं माप चढेल तेवढं बिल, मग कमी स्टीलमध्ये तेवढाच मजबूत स्लॅब होतो हे ठेकेदाराला दिसलं तरी तो कशाला सांगेल, त्याचंच बिल कमी होणार. आणि साइटवरच्या इंजिनिअरला मंजूर ड्रॉइंग बदललं की ऑडिटची भीती. अमेरिकेत सरकारी कंत्राटात ह्यासाठी कलमच असतं, ठेकेदारानं बदल सुचवला आणि तो मान्य झाला तर वाचलेल्या पैशात त्याला वाटा. आपल्या शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या, साकव, ह्यांच्या टेंडरमध्ये असं कलम टाकायला काय हरकत आहे? आणि ते होईपर्यंत निदान एवढं तरी, एस्टिमेट मंजुरीला जायच्या आधी एक दिवस ड्रॉइंग टेबलावर ठेवून गावातला गवंडी, प्लंबर आणि शाळेच्या बाई ह्यांना बोलवावं. त्या वेळी रेघ खोडायला रबर पुरतं, स्लॅब पडल्यावर ब्रेकर लागतो.