डायपरमधलं पोर आणि क्रूझ

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते दीड-दोन वर्षांच्या पोराला घेऊन क्रूझवर जाण्याबद्दल. सुट्टीचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी म्हणतंच, क्रूझला जाऊया, हॉटेलं बदलायची कटकट नाही, जेवण आयतं, पोराला पण मजा, आणि लगेच फोनवर फोटो दाखवतात, निळाशार पूल, वळणावळणाच्या घसरगुंड्या, किड्स क्लबमधे, म्हणजे पोरांना खेळवायच्या-सांभाळायच्या जागेत, रंगात माखलेली पोरं. तर माझं पहिलंच म्हणणं असं की त्या फोटोतलं निम्मंअधिक तुमच्या पोराला मिळणारच नाहीये, कारण ते अजून डायपरमधे आहे. क्रूझवर पोराच्या वयाआधी हे बघायला लागतं.

पूलचंच घ्या. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर डायपरमधल्या मुलाला पूलमधे सोडत नाहीत, स्विम डायपर घातला तरी नाही, तुम्ही कडेवर घेऊन उभे राहिलात तरी नाही. लोक भांडतात ह्यावरून, पण नियम बरोबर आहे. स्विम डायपर घट्ट शी अडवतो, पातळ काही असेल तर ते आणि त्यातले जंतू पाण्यात येतातच, आणि जहाजावरचा पूल एवढुसा, त्यात दिवसभर शेकडो लोक, एका पोराचा कार्यक्रम झाला की पूल रिकामा करून, धुऊन, औषध टाकून बंद ठेवायला लागतो. म्हणून काही जहाजांवर छोट्यांसाठी वेगळी कारंज्यांची जागा असते जिथे स्विम डायपर चालतो, डिस्नीच्या ड्रीम आणि फॅन्टसी ह्या जहाजांवर निमोज रीफ आहे तशी. पण ती एकाच कंपनीच्या एका जहाजावर असते आणि दुसऱ्यावर नसते, त्यामुळे कंपनीचं नाव ऐकून खुश होऊ नका, जहाजाचं नाव सांगून विचारा.

किड्स क्लबचं पण तेच. रॉयल कॅरिबियन ह्या क्रूझ कंपनीच्या क्लबमधे 3 वर्षं पूर्ण पाहिजेत आणि शी-शू स्वतः सांगता आली पाहिजे, कार्निव्हलवाले 2 वर्षांपासून घेतात, डिस्नीकडे 6 महिने ते 3 वर्षांच्या बाळांसाठी नर्सरी असते पण तिचे तासाचे वेगळे पैसे आणि जागा मोजक्या, लवकर बुक होतात. अगदी तान्हं असेल तर साधारण 6 महिन्यांच्या आत घेतच नाहीत, आणि सलग तीन किंवा जास्त दिवस जमीन न दिसणारा प्रवास असेल तर बऱ्याच ठिकाणी वर्ष पूर्ण लागतं, कारण जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, पण लहान मुलांचे स्पेशालिस्ट बहुतेक नसतात आणि बाळ जास्त आजारी झालं तर किनारा जवळ हवा. बाळ मांडीवरच बसणार म्हणून धरू नका असंही चालत नाही, लाइफबोटीत प्रत्येक जीव मोजतात, त्यामुळे केबिन बुक करतानाच बाळाचं नाव घालायचं. नंतर घालू म्हणाल तर केबिनमधे जागा असूनसुद्धा नाही म्हणू शकतात.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचं कशाला. जायचं की! दोन वर्षांच्या पोराला पूल लागतो कुठे हो, त्याला लिफ्टचं बटण लागतं. लांबच लांब कार्पेटवाला कॉरिडॉर लागतो पळायला, वर जायचे जिने लागतात, आणि येताजाता टाटा करणारी माणसं लागतात, जहाजावर ती भरपूर. क्रू मधल्या बऱ्याच जणांची स्वतःची पोरं कुठेतरी लांब घरी असतात आणि ते तुमच्या पोराशी ज्या प्रेमाने बोलतात ना ते बघून आपल्यालाच भरून येतं, तिसऱ्या दिवशी पोराला नावाने हाक मारणारे चारपाच जण झालेले असतात. म्हणून मी म्हणते, ह्या वयात बंदरं बघून क्रूझ निवडू नका, जहाज बघून निवडा, आणि जहाजात सगळ्यात आधी केबिन बघा, कारण अर्धा दिवस तिथेच जाणारे.

केबिनबद्दल जरा सविस्तर सांगते. पोर रात्री आठला झोपलं की तुम्ही दोघं अंधारात कुजबुजत बसणार, बाथरूममधे मोबाइल बघणार, हे दर रात्री. बाल्कनी असेल तर तिथे दार लोटून बसता येतं, समुद्राचा आवाज, गप्पा, पोर आत डोळ्यासमोर. बिनखिडकीची आतली केबिन स्वस्त असते आणि तिचा एक मोठा फायदा कुणी सांगत नाही, ती दिवे बंद केले की काळीकुट्ट होते, दुपारी दोनला पण, उजेडाने उठणाऱ्या पोरांना ती फार मानवते, पण मग तुम्ही कुठे बसायचं ते तुम्ही बघा. परवडत असेल तर मी बाल्कनी म्हणेन. फक्त बाल्कनीतल्या खुर्च्या-टेबल पहिल्या दिवशीच कठड्यापासून लांब करा किंवा स्ट्युअर्डला, म्हणजे केबिन आवरणाऱ्या माणसाला, सांगून काढून घ्या. कठडा मीटरभर उंच असतो, काच असते, जमिनीवर उभ्या पोराला तो ओलांडता येत नाही, खुर्चीवर चढलेल्याला येतो. आणि तुम्ही स्वतः बाल्कनीत नसाल तेव्हा दाराची वरची कडी कायम लावलेली, पाच मिनिटांसाठीसुद्धा उघडी नाही.

जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर केबिन घेतली तर हलणं सगळ्यात कमी, पुढच्या मागच्या टोकाला जास्त. तसं बोट लागण्याचा त्रास 2 वर्षांच्या आतल्या पोरांना सहसा होत नाही, तो 2 ते 12 मधे जास्त, म्हणजे पोर खेळत असेल आणि आईबाप आडवे पडलेले असतील असं चित्र अगदी शक्य आहे. पोरासाठी औषध न्यायचंच असेल तर डॉक्टरला विचारून, आपल्यातली अर्धी गोळी देऊन बघायचा उद्योग नको.

पाळणा बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. बाथरूममधे बहुतेक फक्त शॉवर, टब नसतो, शॉवरला घाबरणारं पोर असेल तर फुगवायचा छोटा टब न्या. इलेक्ट्रिक किटली नेऊ देत नाहीत, जप्त करतात, आगीची भीती म्हणून, बाटल्या उकळायला गरम पाणी स्ट्युअर्डकडे मागायचं, आणून देतात. फ्रीज म्हणून जे असतं ते नुसतं थंडसर कपाट, दूध त्याच्या भरवशावर ठेवू नका. स्ट्रोलर न्या पण घडीचा आणि बारीक, कॉरिडॉर अरुंद आणि तो बाहेर ठेवू देत नाहीत. डायपर जहाजावरच्या दुकानात मिळाले तर मिळाले, नाहीतर नाही, आणि मिळाले तरी तुमच्या पोराच्या मापाचे असतील कशावरून? मोजून त्यावर दोन दिवसांचे जास्त न्या.

चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि त्या केबिनमधे यायला संध्याकाळ होते, तेव्हा डायपर, औषधं, एक जोड कपडे, झोपताना लागणारं ते कळकट भालू किंवा जे काय असेल ते, सगळं हातातल्या पिशवीत. मग सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकट आलं तर काय करायचं त्याची तालीम. 2012 मधे इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझबोट आडवी झाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, त्यानंतर नियम बदलला, आता जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या करायलाच लागतं. सात छोटे आणि एक लांब असा भोंगा असतो, पोरं दचकून रडतात, कानावर हात ठेवा. आणि तिथेच बाळाचं लाइफ जॅकेट मागा, ते वजनावर असतं, 15 किलोच्या आत वेगळं आणि 15 ते 43 किलो वेगळं, केबिनच्या कपाटात बहुतेक मोठ्यांचीच असतात. हे कंटाळा न करता करायचं.

जेवणाला लवकरची वेळ घ्या आणि वेटरला बसल्या बसल्या सांगा की पोराचं आधी आणा, आणतात. खायच्या आधी प्रत्येक वेळी साबण-पाण्याने हात, दारातल्या त्या सॅनिटायझरच्या फवाऱ्यावर भागवू नका, जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ येते ती बहुतेक नोरोव्हायरसची आणि त्याच्यावर सॅनिटायझर नीट चालत नाही. आणि ह्या वयाचं पोर तर रेलिंग पण चाटतं.

बंदरांचं थोडक्यात. एकच जागा, अर्धा दिवस, दुपारच्या झोपेला परत. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने नेतात, तिथे स्ट्रोलर घडी करून पोर कडेवर. टॅक्सीत कार सीट असेलच असं नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. खरं सांगू का, सगळे उतरलेले असतात तेव्हा जहाज इतकं रिकामं असतं की लिफ्टपण लगेच येते, तुम्ही उतरलाच नाहीत तरी काही बिघडत नाही.

शेवटच्या रात्रीचं तेवढं लक्षात ठेवा. मोठ्या बॅगा झोपायच्या आधी केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या रात्रीतच घेऊन जातात, तर सगळ्या उत्साहाने सगळंच भरू नका, सकाळचे कपडे, बूट आणि चारपाच डायपर बाहेर ठेवा. दर वेळी कुणीतरी नाइटड्रेसवर उतरताना दिसतंच, आणि कडेवर पोर असतं.