पाणबुड्यांच्या मनगटावरचं घड्याळ

[दृश्य : घड्याळजीच्या टेबलावर पालथं ठेवलेलं मनगटी घड्याळ. झाकणावर उसळत्या लाटेचं चिन्ह.]

सेको कंपनीचं हे घड्याळ. मॉडेल ६३०९-७०४०. पाण्याखाली १५० मीटरपर्यंत टिकण्याची हमी असलेलं, खास पाणबुड्यांसाठी बनवलेलं. चावी नेहमीसारखी तीनच्या समोर नाही, चारपाशी आहे, म्हणजे मनगट वाकवलं तरी ती हातात रुतत नाही. संग्राहक त्याला 'टर्टल' म्हणतात.

घड्याळ उघडण्याआधी झाकणावरचा क्रमांक वाचायचा. त्यातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, आणि दुसरा म्हणजे महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांना ओ, एन आणि डी ही अक्षरं. पण हे मॉडेल १९७६ ते १९८८ अशी बारा वर्षं बनत होतं. त्यामुळे पहिला आकडा सात असेल, तर घड्याळ १९७७चं की १९८७चं, ते क्रमांक सांगत नाही. ते ठरवायला डायल, काटे, बेझल म्हणजे भोवतीचं फिरतं कडं, आणि आतलं मशीन बघावं लागतं. हे सगळे भाग मूळचे असतील तरच उत्तर मिळतं. जुनं घड्याळ 'नवं करून' देणाऱ्यांची धास्ती वाटते, ती यामुळेच.

[दृश्य : समुद्राखालचा निळसर अंधार. पाणबुड्याच्या तोंडातून निघणारे बुडबुडे.]

आज पाण्याखाली जाणाऱ्याच्या मनगटावर छोटा संगणक असतो. १९५०च्या दशकात तो नव्हता. पाठीवरच्या टाकीत हवा किती मिनिटं पुरेल याचा हिशेब माणूस घड्याळावर करायचा. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि खोल जावं तशी हवा भराभर संपते.

ब्लाँपां या स्विस कंपनीचे प्रमुख झाँ-जाक फिश्टर स्वतः हौशी पाणबुडे होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एकदा पाण्याखाली त्यांना वेळेचं भान राहिलं नाही, हवा संपली आणि जीव वाचवत वर यावं लागलं. त्याच काळात फ्रेंच नौदलाच्या पाणसैनिकांची तुकडी उभी करणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे अधिकारी उपयोगाचं घड्याळ शोधत होते. त्यांना काळी डायल हवी होती, ठसठशीत आकडे हवे होते, अंधारात दिसणारे काटे हवे होते, आणि भोवती फिरणारं कडं हवं होतं. दोन्ही गरजा जुळल्या आणि १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' आलं. पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचं सबमरिनर आणि झोडियॅकचं सी वुल्फ त्याच सुमाराचं.

त्या फिरत्या कड्याला, बेझलला, जरा वेळ देऊ या, कारण या घड्याळाचा जीव त्यात आहे. पाण्यात उतरताना बेझलवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. त्यानंतर काटा बेझलवरच्या ज्या आकड्यावर असेल, तितकी मिनिटं उलटली. हातमोजा घातलेल्या बोटांनी जमेल इतकं ते साधं आहे. धोका एकच : कड्याला कशाचा धक्का लागला आणि ते सरकलं, तर हिशेब चुकतो. फिश्टर यांनी त्यासाठी दाबल्याशिवाय न फिरणारं बेझल केलं. आजची बहुतेक बेझलं एकाच दिशेनं फिरतात, म्हणजे चुकून हललंच तर उरलेला वेळ कमी दिसेल, जास्त कधीच दिसणार नाही. टेबलावरचं सेको मात्र अजून दोन्हीकडे फिरतं.

[दृश्य : झाकण उघडतं. आतली कडक, चपटी झालेली रबरी रिंग चिमट्यानं उचलली जाते.]

पाणी बाहेर ठेवायचं काम करते ती ही रबरी रिंग. एक झाकणाखाली, एक चावीत, एक काचेखाली. रबराला वय असतं. ते कडक होतं, चपटं होतं, कधी वितळून डांबरासारखं चिकटतं. चाळीस वर्षांच्या घड्याळावर '१५० मीटर' छापलेलं असलं, तरी ती हमी रबराबरोबरच संपलेली असते. मुंबई आणि कोकणच्या हवेत तर पाण्यात न उतरताही ओल आत शिरते. पावसाळ्याचे चार महिने दमट हवा, त्यात समुद्राचं मीठ. डायलवर ठिपके पडतात, काट्यांचा मुलामा फुगतो, चावीचा दांडा गंजून अडकतो.

मशीनचा क्रमांकही ६३०९, सतरा रत्नांचं (चाकांचे आस ज्यात फिरतात ते कडक खडे), ताशी २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. याला चावीनं किल्ली देता येत नाही. हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं, त्याला जोडलेली दोन पायांची कळ एका पायानं दातेरी चाक ओढते, दुसऱ्यानं ढकलते, आणि वजन कुठल्याही बाजूला फिरलं तरी स्प्रिंग भरतेच. सेकोनं १९५९ मध्ये ही 'मॅजिक लिव्हर' आणली. मोजके भाग, दणकट काम. इतक्या वर्षांनंतरही ही घड्याळं सुरू होतात त्याचं मोठं श्रेय या कळीला आहे.

सुरू होतात, म्हणून लोक ती तशीच घालतात. इथे नुकसान होतं. जुनं तेल सुकून चिकट होतं, त्यात धातूचा बारीक भुगा मिसळतो आणि ते वंगण न राहता कानशीसारखं काम करू लागतं. चाकांचे आस झिजतात. म्हणून सगळे भाग सुटे करायचे, धुवायचे, भिंगाखाली तपासायचे. मग तेल : संथ आणि जड काम करणाऱ्या भागांना दाट, झपाट्यानं हलणाऱ्यांना पातळ, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त तेल कमी तेलाइतकंच वाईट, कारण ते नको तिथे पसरतं. शेवटी टाइमग्राफर या ठोके मोजणाऱ्या यंत्रावर ठोके ऐकायचे. बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती ठरवणारं झुलतं चाक, किती मोकळं झुलतं ते त्या यंत्राच्या पडद्यावर दिसतं.

इथपर्यंत घड्याळजीनं हवं ते करावं. स्प्रिंग बदलावी, रिंगा बदलाव्यात, झिजलेलं चाक बदलावं. डायल, काटे आणि पोलादाच्या कडा मात्र त्यानं आहेत तशा सोडाव्यात.

[दृश्य : तीन डायल शेजारी शेजारी. एकीवरच्या खुणा मधाळ, एकीवरच्या करड्या, एकीवरच्या झगझगीत हिरव्या.]

आपण सरसकट ज्याला 'रेडियम' म्हणतो तो चमकणारा रंग खरोखर रेडियमचा होता, तो काळ साठच्या दशकात संपत आला. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं. रंगातलं प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड काही दशकांत थकतं, चमक जाते, पण किरणोत्सर्ग राहतो. जुनी डायल अंधारात दिसत नाही म्हणून निर्धोक आहे असं कुणी समजू नये. तिच्यावरचा रंग घरी खरवडणं हे सर्वांत धोक्याचं काम आहे, कारण ती धूळ श्वासातून आत जाते. अशाच रंगानं १९२०च्या दशकात अमेरिकेत घड्याळाच्या डायली रंगवणाऱ्या तरुण मुलींचे जीव घेतले. कुंचल्याला टोक काढायला त्या तो ओठांत धरत.

नंतर ट्रिटियम आलं, अर्धायुष्य १२.३ वर्षं. सेकोनं प्रोमेथियमही वापरलं, त्याचं तर अडीच वर्षांच्या आसपास. १९९० च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीच्या ल्युमिनोव्हा या उजेड साठवून चमकणाऱ्या रंगानं डायलच्या रंगातल्या किरणोत्सर्गाचा विषयच संपवला. म्हणजे विझलेला, पिवळसर झालेला रंग हा घड्याळाच्या वयाचा पुरावा आहे. ऐंशीच्या दशकातलं घड्याळ दिव्याखालून काढल्यावर तासन्‌तास हिरवं चमकत असेल, तर तो रंग नंतर कुणीतरी लावलेला आहे.

[दृश्य : चोरबाजारातलं घड्याळांचं टेबल. निळी, केशरी, हिरवी रंगवलेली डायल.]

जगभरचे संग्राहक आपल्या शहराच्या नावानं एक शब्द वापरतात : 'मुंबई स्पेशल'. नव्यानं रंगवलेली डायल, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून केलेलं चौथं घड्याळ. हा शब्द ते हिणवून उच्चारतात, आणि त्याचं वाईट वाटतं, कारण हातानं डायल रंगवणाऱ्या कारागिराची नजर आणि बोट दोन्ही तयार लागतात. आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते, त्या काळात वडलांचं डागाळलेलं घड्याळ मुलाच्या लग्नाआधी रंगवून घेणं हा सरळ व्यवहार होता. त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक तेव्हा सुरू झाली, जेव्हा तीच डायल 'मूळची' म्हणून विकली जाऊ लागली.

ओळखायला भिंग पुरतं. अक्षरं जाड आणि किंचित फुगलेली दिसतात. मिनिटांच्या रेषा तासाच्या खुणांशी नीट जुळत नाहीत. डायलच्या खालच्या काठावर छापलेला बारीक सांकेतिक क्रमांक नसतो, कारण रंगवणाऱ्याला तो उतरवावासा वाटलेला नसतो. पॉलिशचंही तसंच. या सेकोची कड एका ठिकाणी घासलेल्या पृष्ठभागातून चकचकीत पृष्ठभागात वळते. बफिंगच्या चाकावर ती रेघ एका मिनिटात जाते आणि परत येत नाही.

[दृश्य : फाव्र-ल्यूबा बाथी. पाठीवर बारीक छिद्रं.]

फाव्र-ल्यूबा हे नाव मराठी घरांना नवं नाही. ही स्विस कंपनी १८६० च्या दशकात मुंबईत आली, आणि आधीच्या पिढीतल्या किती तरी हातांवर सी-चीफ, सी-किंग होती. ती रोजच्या वापराची, साधी घड्याळं होती. पण याच कंपनीनं १९६४ मध्ये डीप ब्लू काढलं, आणि १९६८ मध्ये बाथी : खोली मोजणारं यांत्रिक मनगटी घड्याळ. इतर सगळे पाणी बाहेर ठेवायला झटत असताना बाथीनं ते मुद्दाम आत घेतलं. पाठीतल्या छिद्रांतून पाणी खालच्या कप्प्यात शिरायचं, तिथल्या पातळ धातूच्या पडद्याला दाबायचं, आणि त्या दाबानं मधला काटा खोली दाखवायचा. मशीन वरच्या कप्प्यात कोरडंच. काय धाडसी विचार आहे हा! त्याची किंमत पुढच्या मालकाला मोजावी लागते : त्या कप्प्यात मीठ साठतं. बाथी विकत घेताना ते चालू आहे का, एवढं पाहून भागत नाही. पडदा शाबूत आहे का, हे आधी पाहावं.

[दृश्य : दाबाची नळी. आत लटकवलेलं सेको.]

टेबलावरचं घड्याळ आता बंद झालं आहे, नव्या रिंगा सिलिकॉनच्या वंगणात भिजवून बसवल्या आहेत. नळीत अर्धं पाणी. घड्याळ आधी वर हवेत ठेवून दाब वाढवायचा. कुठे फट असेल तर तिथून दाबाची हवा घड्याळात शिरेल. मग ते पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. शिरलेली हवा बाहेर पडू लागते, आणि बुडबुडे नेमके कुठून निघतात ते दिसतं. दिसले, तर तत्काळ वर उचलायचं, म्हणजे पाणी आत जात नाही. साखळीसारखे बुडबुडे बहुतेक वेळा चावीपाशी दिसतात. चावीची नळी झिजलेली असेल तर नवी रिंग घालून उपयोग नसतो.

यात पास झालेलं घड्याळही मालवणला स्कूबा करायला नेऊ नये. पावसात भिजलं, हात धुताना चार थेंब उडाले, इतपत ठीक. घड्याळाच्या कवचाच्या पोलादात आत कुठे खड्डे पडले आहेत, ते चाचणीत कळत नाही.

आणि काढलेले भाग. कडक रबर, फुटकी काच, झिजलेलं चाक, सगळं एका पाकिटात घालून त्यावर तारीख आणि काय बदललं ते लिहावं, आणि घड्याळ विकताना पाकीट बरोबर द्यावं. फार थोडे घड्याळजी हे करतात. गिऱ्हाइकानं मागितलं तर बहुतेक जण देतात.