पाटीवरचं नाव आणि हातातलं काम

अध्यक्ष आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'समान काम, समान वेतन : न्यायालयीन निकालांचा आढावा' असा छापला आहे. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली दहा हारतुऱ्यांत गेली. उरलेल्या तिसांत मी निकालांपर्यंत पोचेन असं मी समजून चाललो आहे. मला ओळखणारे लोक मात्र आत्ताच हसून राहिले.

मी आयुष्यभर लेखा शाखेत होतो. दुसऱ्यांचे पगार काढत होतो. तिथे एक गोष्ट पक्की कळली की सरकारी माणूस आपल्या पगारावर फारसा भांडत नाही, शेजारच्या टेबलाच्या पगारावर भांडतो. 'मला कमी आहे' म्हणणारा एखादाच येतो. 'त्याला जास्त कसा?' म्हणत येणाऱ्यांची रांग असते. यात हसण्यासारखं काही नाही, राजेहो. वेतनश्रेणी म्हणजे सरकारने लेखी दिलेली किंमत असते, आणि ती शेजाऱ्याच्या किमतीशेजारी ठेवल्याशिवाय वाचताच येत नाही.

आमच्या घरात हे भांडण माझ्या जन्माआधीचं. वडील जुन्या मध्यप्रदेशात पटवारी. तेव्हा राजधानी नागपूर, हे इथल्या कुणाला सांगायची गरज नाही. आपण ते अजून विसरलो नाही आणि कुणाला विसरू देत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. बाबा म्हणायचे, "रात्री झोपलो तेव्हा राज्य आपलं होतं, सकाळी उठलो तर आपण पाहुणे." पुढे पटवाऱ्याचे तलाठी झाले. गावात मात्र सगळे पटवारीच म्हणत राहिले, आजही म्हणतात. २०२४ साली सरकारने तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. सातबारा तोच, फेरफार तोच, पीकपाहणी तीच. बाबा असते तर विचारलं असतं, "नाव लांबलं, श्रेणी लांबली का?"

पण १९५६ च्या त्या गोंधळात एक फार शहाणपणाची गोष्ट झाली होती, आणि आजचं माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. राज्यं फुटली-जुळली, तेव्हा प्रश्न असा आला की इकडचा अमुक आणि तिकडचा तमुक समकक्ष आहेत की नाहीत हे ठरवायचं कसं. राज्य पुनर्रचना कायद्यात त्यासाठी कलम ११५ होतं. मुख्य सचिवांच्या बैठकीत चार कसोट्या ठरल्या. पहिली, पदाचं काम आणि कर्तव्यं. दुसरी, जबाबदारी आणि अधिकार, हाताखालचा इलाखा केवढा ते धरून. तिसरी, भरतीची किमान पात्रता. आणि चौथी, सगळ्यांत शेवटी, पगार. क्रम लक्षात ठेवा. काम आधी, पगार शेवटी. नंतर कज्जे झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही याच कसोट्या धरल्या गेल्या. हा क्रम आपण कधी उलटा केला त्याकडे मी येतोच आहे.

त्याआधी एक फाटा फोडू द्या. नागपुरात वेतनाचं भांडण वाढायला हवा फार चांगली आहे. एकाच गल्लीत राज्याचा बाबू, केंद्राचा बाबू, रेल्वेवाला आणि महापालिकेचा. रविनगरच्या क्वार्टरातला माणूस सेमिनरी हिल्सकडच्या केंद्राच्या वसाहतीत हळदीकुंकवाला बायको पाठवतो आणि रात्रभर पस्तावतो. सातवा वेतन आयोग केंद्राने २०१६ च्या जुलैत दिला. आपले राज्याचे नियम आले ३० जानेवारी २०१९ ला. लागू १ जानेवारी २०१६ पासूनच, पण थकबाकी पाच वर्षांत, पाच हप्त्यांत, तीही भविष्य निर्वाह निधीत. ती अडीच वर्षं आम्ही केंद्रवाल्यांच्या घरी चहा प्यायलो तो कसा गिळला, आमचं आम्हाला माहीत. १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप इथे अनेकांना आठवत असेल. केंद्राइतका महागाई भत्ता ही त्यातली मोठी मागणी होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा. घरी भाजीच्या जागी वरण आणि वरणाच्या जागी चुनाचा झुणका आला, एवढं मला त्या संपातलं कळलं.

आता माझं स्वतःचं प्रकरण. ते सांगू नको असं घरून बजावून पाठवलं आहे.

मी आणि माझा एक मित्र जुलै १९९२ मध्ये एकाच यादीतून, एकाच दिवशी, एकाच पदावर रुजू झालो. दोघांचा मूळ पगार कायम सारखा. १ मार्च २००२ ला दोघांना एकाच आदेशाने पदोन्नती. जुनी श्रेणी ४०००-१००-६०००, म्हणजे चार हजारांपासून दरवर्षी शंभर वाढत सहा हजारांपर्यंत; नवी ४५००-१२५-७०००. दोघेही तेव्हा ४,६०० वर. इथवर जुळे भाऊ.

लेखावाले बसले आहेत त्यांना पुढचं माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. पदोन्नती झाली की एक महिन्यात विकल्प देता येतो. वेतननिश्चिती, म्हणजे नव्या पदाचा पगार ठरवणं, आजच करा, किंवा जुन्या पदावरची पुढची वेतनवाढ घेऊन मग करा. आमची वेतनवाढ जुलैत. थांबणाऱ्याचा फायदा. हे मित्राला कुणी समजावलं? मी. त्याचा विकल्पाचा अर्ज कुणी लिहून दिला? मी. माझा अर्जही त्याच दिवशी तयार होता. त्याने आपला नेऊन दिला, पोच घेतली. मी म्हटलं, मार्च एंड आहे, बिलं कोषागारात लावायची आहेत, उद्या देऊ. दिला सव्वीस तारखेला, आस्थापनेच्या टेबलावर ठेवला, पोच घेतली नाही. त्या टेबलावर तेव्हा बिलांचा डोंगर होता. आवकचा शिक्का पडला २ एप्रिलचा.

मुदत ३१ मार्चची होती.

त्या वेळी कुणालाच काही कळलं नाही. उलट गंमत ऐका. विकल्प नाही म्हणून माझी निश्चिती लगेच झाली, ४,७५०. मित्र जुलैची वाट पाहत ४,६२५ वर. चार महिने मी सव्वाशे रुपयांनी पुढे! मी शाखेत संत्रा बर्फी वाटली. मित्र बर्फी खाताना माझ्याकडे असा पाहत होता की, हा लेखावाला आहे, याला काहीतरी ठाऊक असेल जे मला नाही. जुलैत त्याचे झाले ४,८७५. मी ४,७५० वरच. मग मी फाइल काढायला लावली आणि तो शिक्का पाहिला.

त्यानंतर चार वर्षं आमचा पगार असा चालला : जुलै ते फेब्रुवारी तो पुढे, मार्च ते जून बरोबरी. मार्चमध्ये आमची मैत्री घट्ट व्हायची. पुढे सहावा आयोग आला, सगळ्यांची वेतनवाढ १ जुलैला झाली आणि बरोबरीचे चार महिनेही गेले. त्याचे १२,५७०, माझे १२,३४०. दोनशे तीस रुपयांचा फरक, आणि तो आता बारमाही. आमच्या मधे एक टेबल आणि एक कूलर. एकच काम. तो रजेवर गेला की त्याची बिलं मी करत होतो.

मी अर्ज केला. उत्तर : विकल्प विहित मुदतीत प्राप्त नाही. मी लिहिलं, सव्वीसला दिला. उत्तर : पोच सादर करावी. पोच असती तर अर्ज कशाला केला असता? मग मी स्टेपिंग अपची मागणी केली, म्हणजे कनिष्ठाला जास्त मिळतो म्हणून वरिष्ठाचा पगार त्याच्याइतका उंचवा. ज्येष्ठता यादीत मी त्याच्या एक नंबर वर होतो. उत्तर : सदर तफावत नियमामुळे नसून विकल्पामुळे आहे, सबब त्रुटी नाही. नियमात बसणारं उत्तर आहे बरं का हे. मी त्या टेबलावर असतो तर हेच लिहिलं असतं, कदाचित जास्त चांगल्या मराठीत. फाइल वर गेली, वित्त विभागाचं दर्शन घेऊन 'आपल्या स्तरावर कार्यवाही करावी' असा प्रसाद घेऊन परत आली. सिव्हिल लाइन्समध्ये मॅटचं, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, खंडपीठ आहे, सायकलवर जाता येईल इतकं जवळ. वकिलाने पहिला प्रश्न विचारला, कारण कधी घडलं? मुदत एक वर्षाची असते. मी तोवर सहा वर्षं अर्जच करत होतो.

शेवट ऐका, मग विषयावर येतो. सातव्या आयोगात २०१६ च्या १ जानेवारीला जो पगार असेल त्याला २.५७ ने गुणायचं आणि तक्त्यातल्या पुढच्या घरात बसायचं. माझे १६,६६०, गुणून झाले ४२,८१६. तक्त्यात घर होतं ४२,८०० चं. सोळा रुपयांनी ते मागे पडलं आणि मी पुढच्या घरात गेलो, ४४,१००. मित्राचे १६,९५०, गुणून ४३,५६२. त्याचं घर? ४४,१००! चौदा वर्षांचं भांडण कुठलाही आदेश न काढता, कुणाची चूक न धरता, नुसत्या गुणाकाराने संपलं. मागचं काही मिळालं नाही. मी मित्राला फोन केला तर तो म्हणतो, "म्हणजे माझा एक टप्पा गेला की बे!" दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज टाकला. पोच घेऊन.

हा तुम्ही चिठ्ठी पाठवलीत. सात मिनिटं? बरं.

तर माझ्या प्रकरणात काम सारखं आहे हे सिद्धच करायचं नव्हतं. पद एक, आदेश एक, शाखा एक, तरीही हरलो. मग ज्यांची खाती वेगळी, पदनामं वेगळी, त्यांचं काय होत असेल? इथून निकाल, भराभर.

संविधानात अनुच्छेद ३९(घ) आहे. तिथे शब्द पुरुष आणि स्त्रियांना समान कामाबद्दल समान वेतन असे आहेत, आणि ते मार्गदर्शक तत्त्व आहे. १९६२ साली आयकर अधिकाऱ्यांच्या दोन वर्गांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही कल्पना अमूर्त ठरवून बाजूला ठेवली. वीस वर्षांनी, १९८२ मध्ये, रणधीर सिंग. दिल्ली पोलिसातला चालक-शिपाई. त्याची श्रेणी २१०-२७०, रेल्वे सुरक्षा दलाच्या चालकाची २६०-४००. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी म्हटलं की हा मूलभूत हक्क नसला तरी संविधानाचं ध्येय आहे, आणि अनुच्छेद १४ व १६ त्याच्यासोबत वाचले की अंमलात आणता येतं. तो जिंकला. का जिंकला? स्टीअरिंग दोन्हीकडे गोलच असतं म्हणून. चालकाचं काम दिसतं. कारकुनाचं दिसत नाही. १९८८ च्या चौरसिया प्रकरणात न्यायालय म्हणालं, कुठलं पद कुठल्या पदाच्या तोडीचं हे वेतन आयोगासारख्या तज्ज्ञ मंडळाने ठरवावं. आणि २०१६ चा जगजित सिंग निकाल, न्यायमूर्ती खेहर आणि आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती बोबडे. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही हे तत्त्व लागू केलं म्हणून तो गाजला. पण त्यात आधीच्या निकालांचा सगळा सारांश आहे, आणि त्यातली पहिली गोष्ट अशी की काम समान आहे हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर. नुसतं पदनाम सारखं असून भागत नाही, आणि वेगळं आहे म्हणून बिघडतही नाही.

आता मला सांगा, काम सिद्ध कशाने करणार? तुमच्या सेवापुस्तकात नियुक्ती, वेतनवाढी, रजा, सगळं आहे. तुम्ही रोज काय करत होता, ते कुठे आहे? बहुतेक पदांची कर्तव्यसूची एक तर निघालेली नाही, नाहीतर निघाली तेव्हा टंकलेखन यंत्र होतं, आणि शेवटचं कलम 'वरिष्ठ सांगतील ती कामे'. मग समितीसमोर संघटना काय नेते? राज्याचे पगार ठरवायला बडकस आयोग झाला, भोळे झाला, हकीम समिती, बक्षी समिती, मग खुल्लर समिती. बडकस म्हटलं की तुम्हाला नागपूरचा चौक आठवतो, मलाही. प्रत्येक वेळी निवेदनं तीच : त्यांना इतका ग्रेड पे, म्हणजे पदाच्या दर्जाप्रमाणे पगारात धरायची रक्कम, आम्हाला का नाही. नायब तहसीलदारांनी २०२३ मध्ये ४३०० चा ४८०० करा म्हणून काम बंद ठेवलं. मागणीवर माझा वाद नाही, दर्जा वर्ग दोनचा आणि पैसे खालचे हे दुखणारच. पण आपण सगळेच तुलना पगारापासून सुरू करतो. १९५६ ची चौथी कसोटी आपण पहिली केली, आणि पहिली कसोटी कुणी लिहूनच ठेवली नाही. गडचिरोलीच्या एकस्तरचं सांगायचं होतं, कठीण जागी काम केलं की वरची श्रेणी मिळते, म्हणजे तिथे तरी सरकार कामाकडे पाहतं, आणि माणूस नागपूरला परतला की ती कशी उतरते ते. राहू द्या, वेळ नाही.

माझं मागणं एवढंच आहे. डिसेंबरात अधिवेशन येईल, यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतील, टेकडी रोडवर अडतील. तुमच्यातले जे संघटनांना सल्ला देतात त्यांनी या वेळी निवेदनाला श्रेण्यांचा तक्ता जोडू नये. वर्षभराची कामाची डायरी जोडावी. कुठल्या नस्त्या, किती रकमेपर्यंत सही, हाताखाली किती जण, चूक झाली तर वसुली कुणाकडून. दोन्ही पदांची, समोरासमोर. वसुलीचा रकाना विसरू नका. माझ्या अनुभवात जबाबदारी तिथेच खरी कळते.

हो, झालंच. डायरीचा कोरा नमुना मी छापून आणला आहे, मागच्या टेबलावर चहाशेजारी ठेवला आहे. साठ प्रती आहेत. नेताना शेजारच्या वहीत नाव आणि आजची तारीख टाकून सही करा.