कुठं उभं राहायचं?

नमस्कार मंडळी. वाचनालयातून फोन आला, 'फोटोग्राफीवर तासभर बोलाल का?' तेव्हा मी खरं सांगून टाकलं, की मी आयुष्यभर विम्याचे दावे तपासले. फोटो शनिवार-रविवारचे आणि उरलेल्या रजेतले. बक्षीस एकही नाही. तरी ते 'या' म्हणाले. आता पुढची जबाबदारी त्यांची.

येताना ही बॅग आणलीय. काल रात्री वजनकाट्यावर ठेवली, सव्वासहा किलो भरली. बायको म्हणाली, 'एवढं वजन गव्हाचं असतं तर उचललं असतंस का?' बरोबर आहे तिचं.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा बाबांचा, आग्फा क्लिक थ्री. तुमच्यातल्या पिकल्या केसांच्या मंडळींना तो आठवत असेल. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. फोकस करायची सोय नाही, झूम हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. माणूस दहा-बारा फुटांच्या आत आला की धूसर. त्यामुळे फोटो काढायचा म्हणजे बाबा मागे मागे सरकत जायचे. माझ्या मुंजीत सगळे मामा-मावश्या चौकटीत बसेनात. बाबा सरकत सरकत अंगणातल्या हौदाला टेकले, आणि मग कठड्यावर चढले. त्या फोटोत चाळीस नातेवाईक काळजीनं वर बघतायत. बाबा पडतील की काय, एवढीच काळजी सगळ्यांच्या चेहऱ्यावर. इतका जिवंत ग्रुप फोटो मी आजवर काढलेला नाही.

लेन्स फोटो काढणाऱ्याला जागा नेमून देते, हे खरं तर मला त्या हौदापाशीच कळायला हवं होतं. ते कळायला पुढे तीस वर्षं आणि बराच पैसा गेला.

मी २०१० मध्ये डीएसएलआर घेतला, म्हणजे लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा. त्याच्याबरोबर येते ती १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स मिळाली. हा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं. तिला सगळे नावं ठेवतात, मी ठेवणार नाही. पण झूम हाताशी असला की माणूस जागचा हलत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या मनगट फिरवायचं आणि झालं. वर्षभर मी असेच फोटो काढले. सगळे एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून. सगळे बरे आणि सगळे सारखे.

मग एका मित्रानं सांगितलं, कॅननची ५० मिलिमीटर, एफ १.८ घे. प्लॅस्टिकची, वजन जेमतेम १३० ग्रॅम. फोकस करताना मिक्सरमध्ये सुपारी अडकल्यासारखा आवाज. अपर्चरला, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाला, पाच पात्या, त्यामुळे ते थोडं मिटलं की मागचे दिवे गोल न दिसता पंचकोनी दिसतात. झूम नाही. माणूस मोठा हवा तर पुढे जा, लहान हवा तर मागे ये. बाबांचाच हौद!

या लेन्सचं ते भोक पूर्ण उघडून, म्हणजे एफ १.८ ला, एक मीटरवरून फोटो काढला, तर माझ्या कॅमेऱ्यावर जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. म्हणजे नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे धूसर. आजी खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या चेहऱ्यावर फोकस केला, तेवढ्यात ती खडा दिसला म्हणून पुढे झुकली. फोटोत आजी सगळी धूसर. स्पष्ट आलंय ते सूप, त्यातले दाणे आणि चिमटीत धरलेला एक काळा खडा. तेव्हा तो फोटो मी खोडणार होतो. आजी गेल्यावर आम्ही तोच मोठा करून लावला, कारण ती सगळ्यांना तशीच आठवते. कॅमेऱ्याकडे बघणारी आजी आमच्यापैकी कुणीच कधी पाहिली नव्हती.

आता थोडं गणित, घाबरू नका. लोक म्हणतात, टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स गर्दी 'दाबते', मागची माणसं ओढून पुढे आणते. लेन्स काही ओढत नाही. समजा एक वारकरी माझ्यापासून दोन मीटरवर आहे आणि त्याच्या मागचा दहा मीटरवर. मागचा मला पुढच्याच्या एक पंचमांश दिसेल. आता मी अठरा मीटर मागे गेलो. पुढचा वीसवर, मागचा अठ्ठावीसवर. आता मागचा पुढच्याच्या जवळजवळ पाऊणपट दिसतो. माणसं तिथंच आहेत, सरकलो मी. लांबची लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून मोठा करते.

म्हणून दिवे घाटात माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे चढते, तेव्हा फोटोवाल्यांची झुंबड वरच्या कड्यांवर असते. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, खाली पताका आणि टाळ, आणि वळणावर वळण चढत येणारी माणसांची नदी. तिथून ७०-२०० ची लेन्स लावली की वळणं एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात. मीही चार वर्षं पहाटे जाऊन जागा धरली. त्या कड्यावर आमच्यात होणारी भांडणं मात्र वारीला अजिबात न शोभणारी. 'ओ माउली, डोकं खाली!' एवढं माउली म्हणायचं आणि कोपर मारायचं.

पाचव्या वर्षी वर जागा मिळाली नाही. नाइलाजानं ५० लावली आणि दिंडीत शिरलो. एक म्हातारी डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन चालली होती. मी पुढे पळायचो, वळायचो, फोटो काढायचो, परत पळायचो. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, 'लेकरा, उलटा चालू नगंस, पडशील. हितं बाजूला चाल.' मग मी बाजूनं चालायला लागलो. बाजूनं चालताना मला तिचा फक्त कान दिसत होता, कानातली कुडी, मानेवरून ओघळणारा घाम आणि वृंदावनाला धरलेला हात, त्यात पितळी अंगठी. त्या दिवसाचे चांगले फोटो तेवढेच, तिनं नेमून दिलेल्या जागेवरून काढलेले.

पक्ष्यांकडे येतो. भिगवण पुण्यापासून शंभर किलोमीटरवर. उजनीच्या फुगवट्यात थंडीत रोहित येतात, म्हणजे फ्लेमिंगो. त्याच्यासाठी मी १५०-६०० घेतली. वजन दोन किलोच्या आसपास, किंमत घरी अजून पूर्ण सांगितलेली नाही. नावेत ट्रायपॉड निरुपयोगी, नाव हलते तसा तोही हलतो. मी जुन्या जीनचा पाय शिवून त्यात मटकी भरून पिशवी केलीय, ती काठावर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स. एकदा ती भिजली, चार दिवसांनी मोड आले. उसळ केली नाही, एवढंच सांगतो.

६०० मिलिमीटर हातात आली की वाटतं, आता जवळ जायची गरजच नाही. चूक. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले की पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, आणि लांबचा पक्षी कुठल्याही लेन्सनं काढला तरी पाण्यात विरघळल्यासारखा येतो. माझे तिथले तीनशे फोटो असे गेले. दुकानदाराला फोन करून तक्रारही केली होती मी, लेन्स खराब आहे म्हणून. त्यानं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. उपाय एकच, पहाटे निघायचं आणि नाव हळूहळू जवळ न्यायची.

पहिल्याच खेपेला मला उडणारा थवा हवा होता. पंखाखालचा लाल-काळा रंग उडतानाच नीट दिसतो ना. मी नावाड्याला म्हटलं, 'जरा जोरात घे, उडतील.' त्यानं इंजिन बंद केलं, बांबू हातात घेतला आणि शांतपणे म्हणाला, 'साहेब, ते जेवतायत.' रोहित डोकं उलटं पाण्यात घालून चिखल गाळून खातो, तासन्‌तास. त्याचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. उडायचं म्हणजे पाण्यावरून धावत जावं लागतं, तेवढी ताकद फुकट जाते. मी गप्प बसलो. त्यानं बांबूनं नाव कडेकडेनं नेली, आणि अर्ध्या तासानं आम्ही थव्यापासून एवढ्या जवळ होतो, की त्यांच्या गाळण्याचा बुडबुडबुड असा आवाज ऐकू यायला लागला. त्या दिवशी एकही पक्षी उडाला नाही. आजही काही नावांतून उडवण्यासाठी ओरडतात, टाळ्या पिटतात. मला राग येतो, पण पहिली टाळी पिटणार होतो तो मीच.

काजव्यांबद्दल कुणीतरी चिठ्ठी दिलीय. भंडारदऱ्याला मी दोनदा गेलो, आता जात नाही. गाड्यांच्या दिव्यांत काजवे शोधावे लागतात. पुढे.

कास. सातारकरांना मी काय सांगणार म्हणा. सप्टेंबरात निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा दिसतो. फूल बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि ही नाजूक बाई जमिनीतल्या बारीक फुग्यांमध्ये किडे पकडून खाते. त्याच्यासाठी मॅक्रो लेन्स लागते, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू मोठी टिपणारी. माझ्याकडे आधी ६० मिलिमीटरची होती. तिनं फूल पूर्ण आकारात घ्यायचं तर लेन्सचं तोंड फुलापासून नऊ-दहा सेंटीमीटरवर न्यावं लागतं. म्हणजे वाट सोडून आत शिरायचं, आणि एका फुलासाठी पन्नास फुलांवर कोपर टेकायचं. मी एकदा टेकलंय. उठल्यावर माझ्या आकाराचा ठसा दिसला, कोपरं, पोट, गुडघे. त्या हिवाळ्यात ती विकून १०० ची घेतली. तिनं पंधराएक सेंटीमीटरवरून काम होतं. वाटेवरच पालथं पडायचं आणि कडेचं फूल काढायचं. आत चांगलं फूल असलं तर असू दे. मागून पर्यटक ओलांडून जातात, एकदा एका मुलानं आईला विचारलं, 'काका मेलेत का?'

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत ओल शोषणारी सिलिका जेल, आणि एक साधा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की झोप लागते.

शेवटची ही. जुन्या बाजारात रविवारी मिळाली, आठशे रुपयांना. हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, सोव्हिएत रशियातली. झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची, आराखडा मूळ जर्मन. फोकस हातानं, अपर्चर हातानं, सगळं लोखंडासारखं जड. हिची गंमत अशी, की पूर्ण उघडली तर मागची पानं माणसाभोवती भोवऱ्यासारखी फिरतात. पण कुठूनही नाही. माणूस दीड-दोन मीटरवर हवा, झाडी त्याच्या मागे बेतानं दूर हवी. एम्प्रेस गार्डनमध्ये मी मुलीला उभं करून अर्धा तास पुढे-मागे करत होतो. पाठीमागे रोपांच्या कुंड्यांची रांग होती, ती मी पाहिली नव्हती. मुलगी ओरडली, 'बाबा, मागे!' आणि त्याच क्षणी बटण दाबलं गेलं. फोटोत तिचं तोंड उघडं, डोळे मोठे, आणि भोवती पानं गरगर फिरतायत.

आतल्या काचेवर कडेला थोडी बुरशी आहे हिच्या, मी तशीच ठेवलीय. पुढच्या रांगेपासून फिरवा. उजेडाकडे धरून मागच्या बाजूनं बघा, म्हणजे जाळं दिसेल. काचेला बोट मात्र लावू नका, आणि त्या कोपऱ्यातल्या आजोबांपर्यंत नक्की पोचू द्या. मघापासून ते बॅगेकडे बघतायत.