नव्वद दिवसांचे घर
(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संकेतस्थळासाठी संपादित केलेले रूप)

मंडळाचे सन्माननीय पदाधिकारी, ज्येष्ठ सभासद आणि बंधुभगिनींनो,

लेस्टरमधल्या आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेले असते. कोल्हापुरात माझी आई त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडत असे. मी स्पेनमधले दिवस मांडते. मलागाच्या विमानतळावर उतरतो त्या तारखेपासून परत निघतो त्या तारखेपर्यंत प्रत्येक चौकोनात एक फुली पडते, कारण उतरण्याचा दिवसही मोजला जातो आणि निघण्याचाही. ब्रिटन आणि स्पेन अशा दोन ठिकाणी आमचा संसार कसा चालतो, हे मी आज सांगावे अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. निवृत्तीनंतर असेच काही करावे असा विचार असलेली बरीच मंडळी मला समोर दिसत आहेत, म्हणून केवळ समुद्राचे आणि उन्हाचे वर्णन करून मी आपला वेळ घेणार नाही.

आम्ही २०१४ साली मलागा प्रांतातल्या तोरे देल मार या गावात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. या भागाला आक्सार्किया म्हणतात. डोंगराच्या उतारावर आंब्याच्या बागा आहेत, आणि ओस्टीन जातीचा तिथला आंबा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतो. माझे सासर रत्नागिरी जिल्ह्यातले असल्यामुळे यजमानांनी गाव त्या बागांवरूनच पसंत केले. त्या वेळी ब्रिटिश पासपोर्टवर तिथे कितीही राहता येत होते. २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले, ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळही संपला. तेव्हापासून, स्पेनचा रहिवासी परवाना नसलेल्या ब्रिटिश नागरिकाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते.

हा हिशेब वरवर सोपा वाटतो, पण जानेवारीपासून सहा महिने आणि जुलैपासून सहा महिने अशी त्याची वाटणी नाही. ज्या दिवशी आपण तिथे असू, त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत आपले दिवस किती पडतात ते पाहायचे. १ ऑक्टोबरला गेलेला माणूस सलग राहिला तर २९ डिसेंबरला त्याचे ९० दिवस भरतात, आणि त्याला पुन्हा पाऊल ठेवता येते ते ३० मार्चला. शिवाय ही मर्यादा एकट्या स्पेनची नसून सगळ्या शेंगेन देशांची, म्हणजे आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांची, मिळून आहे. आमची मुलगी ॲम्स्टरडॅमला असते. तिच्याकडे राहिलेले अकरा दिवसही त्याच नव्वदांतून वजा होतात हे पहिल्या वर्षी आमच्या उशिरा लक्षात आले आणि होळीच्या आधीच घर बंद करून निघावे लागले. १२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकावर करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पासपोर्टवरच्या पुसट शिक्क्यांवर विसंबण्याचे दिवस गेले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. स्पेनमध्ये घर विकत घेतल्याने तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. पाच लाख युरोंच्या मालमत्तेवर मिळणारा परवानाही ३ एप्रिल २०२५ रोजी बंद झाला. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा हक्क असला तरी ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांना स्वतःच्या मालकीच्या घरी जाण्यासाठीही शेंगेनचा व्हिसा लागतोच.

दिवस मोजायला उपयोगी पडणारे कालनिर्णय संकष्टीला मात्र तिथे कामाला येत नाही. मलागा ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे. तरीही १९४० सालापासून स्पेनचे घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालते, म्हणजे ब्रिटनच्या तासभर पुढे. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो आणि संकष्टीचा चंद्र उगवायला मध्यरात्र होते. उपास सोडायला थांबलेल्या आम्हांला पाहून समोरच्या गॅलरीतली माणसे पहिल्यांदा काळजीने विचारपूस करायला आली होती. आता त्यांना चतुर्थी माहीत झाली आहे.

दोन घरांच्या संसारात सर्वांत जास्त कष्ट राहण्याचे नसतात, घर बंद करण्याचे असतात. फ्रिज रिकामा करून दार किलकिले ठेवायचे, गॅसची टाकी बंद करायची, मोरीत पाणी ओतून ठेवायचे म्हणजे वास वर येत नाही, आणि सर्वांत शेवटी पाण्याचा मुख्य कॉक फिरवायचा. जानेवारी २०२४मध्ये निघताना हा कॉक आम्ही पूर्ण बंद केला नाही. पाणी तापवण्याच्या टाकीची नळी सुटली आणि पाणी वाहू लागले. त्या हिवाळ्यात आक्सार्कियात भीषण दुष्काळ होता. ला विन्युएला धरणात दहा टक्क्यांहूनही कमी पाणी उरले होते आणि परिसरातल्या गावांवर रात्री पाणी बंद ठेवण्याची पाळी आली होती. अशा दिवसांत आमच्या बंद घरातून पाणी वाया जात होते, याची खंत मला अजून आहे. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंच्या छताला ओल दिसली. त्यांच्याकडे आमची किल्ली होती. ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंनी जिना चढून कॉक बंद केला, फरशी पुसली, आमच्या गाद्या उन्हात टाकल्या, आणि मगच आम्हांला फोन केला. स्वतःच्या खराब झालेल्या छताचा विषय त्यांनी काढला तो आम्ही विचारल्यावर.

त्या फोनवर मी त्यांच्याशी बोलू शकले, ते त्यांनीच मला भाषा शिकवली म्हणून. पहिली चार वर्षे आम्ही दुकानापुरत्या स्पॅनिशवर आणि गावातल्या इंग्रजी मंडळींवर निभावले. तिथली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. फरशी गार, भिंती गार, घर तापवण्याची सोय नाही, त्यामुळे जानेवारीत बाहेर कोवळे ऊन असते आणि घरात लेस्टरपेक्षा जास्त थंडी वाजते. आजीबाईंकडे मेसा कामिया आहे. हे एक गोल टेबल असते, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारे जाड कापड आणि टेबलाखाली विजेची शेगडी. चौघांनी सभोवती बसायचे, कापड मांडीवर ओढून घ्यायचे आणि पाय शेगडीजवळ ठेवायचे. पाय शेकत असले की माणसे उठत नाहीत आणि गप्पा लांबतात. त्या टेबलाशी मी वाटाणे सोलता सोलता भूतकाळाची क्रियापदे शिकले. एकदा त्यांनी वांग्याचे काप तळून त्यांवर उसाची काकवी घातली आणि ते ताट माझ्यासमोर ठेवले. त्या किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस होत असे. आता शेती उरली नाही, पण जवळच्या फ्रिहिलियाना गावात उसाची काकवी करणारा कारखाना अजून चालू आहे. गुऱ्हाळावर वाढलेल्या मला पहिल्याच घासाला रडू आले, आणि ‘काकवी’ हा शब्द आजीबाईंनी त्या दिवशी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

खाण्याच्या वस्तू इकडून तिकडे नेण्याबाबत आता फार सावध राहावे लागते. ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, पनीर नाही. जनावरांमधल्या लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे १२ एप्रिल २०२५पासून युरोपातून ब्रिटनमध्ये असे पदार्थ आणण्यासही मनाई झाली, त्यामुळे तिथले बकरीच्या दुधाचे चीजही आता आणता येत नाही. कढीपत्त्याच्या, तुळशीच्या रोपांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. नारळ मात्र तिकडे दाखल्याशिवाय नेता येतो. मी तूप तिथेच बिनमिठाच्या लोण्याचे कढवते. रंग थोडा फिकट येतो, पण बेरी छान जमते.

मी पस्तीस वर्षे औषधांच्या दुकानात काढली, म्हणून औषधांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. ब्रिटनमध्ये आपण सुपरमार्केटातून पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या सोळा गोळ्या आणतो आणि सवयीने एका वेळी दोन घेतो. स्पेनमध्ये ही गोळी हिरव्या क्रॉसच्या फारमासियातच मिळते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बहुधा ६५० मिलिग्रॅमची दिली जाते. एक ग्रॅमच्या गोळीला चिठ्ठी लागते. इथल्या सवयीने कोणी ६५०च्या दोन-दोन गोळ्या दिवसातून चार वेळा घेतल्या तर ५२०० मिलिग्रॅम होतात, आणि प्रौढ माणसाची चोवीस तासांची मर्यादा ४००० आहे. यकृताला होणारी इजा पहिल्या दिवशी जाणवतही नाही. ज्येष्ठ सभासदांनी कृपा करून खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये, आणि आपल्या नेहमीच्या औषधांची मूळ नावे लिहिलेला कागद पाकिटात ठेवावा, कारण कंपन्यांची नावे तिकडे वेगळी असतात. ब्रिटनचे जीएचआयसी, म्हणजे परदेशातल्या उपचारांसाठीचे आरोग्य कार्ड, तात्पुरत्या मुक्कामात सरकारी दवाखान्यात चालते. प्रवासाचा विमा मात्र त्याव्यतिरिक्त हवाच.

कराचे थोडक्यात सांगते. घर भाड्याने दिले नाही तरी स्पेनचे सरकार त्याचे काल्पनिक उत्पन्न धरते आणि आपल्याकडून त्यावर २४ टक्के घेते. सरकारी नोंदीतली किंमत ६०,००० युरो असेल आणि तिच्यावर १.१ टक्क्याचा दर लागू असेल, तर उत्पन्न ६६० आणि कर १५८ युरो ४० सेंट होतो. नवराबायकोच्या नावावर निम्मे-निम्मे घर असेल तर अर्जही दोन भरावे लागतात. रक्कम मोठी नाही, पण लोक विसरतात आणि विकताना ते अंगाशी येते.

आता ज्या गोष्टीने आमचा सगळा बेत बदलला तिच्याकडे येते. प्रत्येक इमारतीत घरमालकांची सभा भरते. सूचनेत नेहमी दोन वेळा छापलेल्या असतात, साडेसहा आणि सात. साडेसहाला गणपूर्ती होत नाही हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून सगळे सातला येतात. ३ एप्रिल २०२५पासून इमारतीतला फ्लॅट नव्याने पर्यटकांना भाड्याने द्यायचा असेल तर मालकांच्या तीन पंचमांश बहुमताची संमती लागते. आमच्या सभेत अशीच एका मालकाची विनंती आली होती. एरवी मी अशा सभांना लेखी संमतिपत्र पाठवत असे. त्या दिवशी मात्र मी स्वतः हजर होते. आजीबाई उठून बोलल्या. नातू मलागाच्या इस्पितळात नोकरीला आहे, त्याला गावात परवडेल असे भाड्याचे घर मिळत नाही, आणि हिवाळ्यात रात्री आपल्या जिन्यातल्या चौदांपैकी पाचच घरांत दिवा असतो, असे त्यांनी सांगितले. आवाज चढवला नाही, आमच्याकडे पाहिलेही नाही. मी विनंतीच्या विरुद्ध हात वर केला आणि ती नामंजूर झाली, पण न लागणाऱ्या नऊ दिव्यांत एक आमचा होता.

कोकणात गणपतीपुरती उघडणारी घरे आपण पाहिली आहेत. आमच्या सासरचे घर तसेच आहे, आणि त्या वाडीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटते हे मी सून म्हणून ऐकले आहे. २०२४च्या जूनमध्ये मलागाच्या रस्त्यांवर हजारो माणसे घरभाड्यासाठी उतरली, तेव्हा दूरदर्शनवर ते पाहताना तो मोर्चा आपल्याविषयी आहे असे मला वाटले नव्हते. त्या सभेत बसल्यावर तसे म्हणता येईना. घर आपल्या पैशाचे असले तरी आपण नसतो तेव्हाही त्या जिन्याचे, त्या पाण्याचे आणि त्या शेजाराचे आपण देणे लागतो, असे मला मनापासून वाटते. जे सभासद तिकडे घर घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी किमतीआधी याचा विचार करावा.

यजमानांशी मी महिनाभर बोलत होते. तिथल्या अनेक शिक्षकांच्या नेमणुका एका शालेय वर्षापुरत्या असतात आणि ते सप्टेंबर ते जून एवढ्याच काळासाठी घर शोधत हिंडतात. येत्या सप्टेंबरपासून आमचे घर अशाच एका तरुण शिक्षिकेला त्या दहा महिन्यांसाठी देण्याचे ठरले आहे. भाडे तिला परवडेल तेवढेच ठेवले आहे. आम्ही जुलै आणि ऑगस्टमध्ये राहू, म्हणजे नव्वदांपैकी बासष्टच दिवस लागतील. यजमानांचा आंब्याचा हंगाम हुकणार आणि त्यांना त्याचे वाईट वाटते. मलाही जानेवारीचे ते टेबल सुटणार याचे वाटत होते. आजीबाईंना फोनवर हे सगळे सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या मागच्या खोलीतला पलंग रिकामाच असतो, तेव्हा जानेवारीत आठवडाभर तरी आम्ही दोघांनी त्यांच्याकडे यायचे. कालनिर्णयावर त्या आठवड्याच्या फुल्या मी मारून ठेवल्या आहेत, आणि जाताना त्यांच्यासाठी दोन नारळ नेणार आहे.